रंगभूमीवर टाळ्या आणि घराला कडी

(बुद्धविहारातील रविवारच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलास आपण सभेत बोलाविता ते बहुधा वारसाहक्क, जातीचे दाखले, शिष्यवृत्त्या किंवा जमिनीचे तंटे यांविषयी त्याने सांगावे म्हणून. मीही आजवर तेवढेच सांगत आलो. आज मात्र मी निराळा विषय मांडणार आहे, आणि तो ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील हे मी जाणून आहे. तरीही तो मांडणे मला कर्तव्य वाटते. हे भाषण पुढे छापले जाणार आहे; यास्तव समोर बसलेल्यांबरोबरच जे आई-बाप उद्या आपल्या घरी हे वाचतील, त्यांच्याशीही मी बोलत आहे असे त्यांनी समजावे.

मागील उन्हाळ्यात माझ्या कार्यालयात एक पती-पत्नी आले. थोड्याच वर्षांपूर्वी त्यांनी धम्मदीक्षा घेतलेली. बाप एस. टी. च्या कार्यशाळेत कामाला, आई शाळेत मुलांचा पोषण आहार शिजविते. त्यांना वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावयाची होती. आमचा २१ वर्षांचा मुलगा आमच्या सांगण्याबाहेर गेला आहे, यापुढे त्याच्याशी आमचा कसलाही संबंध नाही, अशा मजकुराची ती नोटीस. मी विचारले, मुलाने केले तरी काय? दारू? जुगार? चोरी? यांपैकी काहीच नव्हते. मुलगा शिकत होता, आणि वस्तीच्या गायन पार्टीत गात होता. जयंतीच्या रात्री मंडळींनी रमाईच्या जीवनावर नाटक केले. मंडळीत स्त्री-कलावंत नव्हती, म्हणून रमाईचे काम या मुलाने केले. राजरत्न गेल्याचा प्रवेश आला तेव्हा बायाबापड्या पदराने डोळे पुशीत होत्या. त्यांत पहिल्या रांगेत त्याची आई होती.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरे त्याला नावे ठेवू लागली. पुढे घरात लग्नाचा विषय निघाला, तेव्हा तो आईला म्हणाला की, माझ्याने स्त्रीशी संसार होणार नाही; माझे मन पुरुषाकडे ओढ घेते; मला बोहल्यावर चढवून कोणा मुलीच्या जन्माचे वाटोळे करू नका. त्यावर घरात जे झाले ते सांगण्याची गरज नाही. बाप मला म्हणाला, “वकीलसाहेब, त्यानं रमाईचं काम केलं तेव्हा छाती भरून आली होती. आता मान वर करता येत नाही.”

एकाच मुलाला रात्री टाळ्या आणि सकाळी शिव्या! रंगभूमीवर त्याला जागा आहे आणि घरात नाही! हे का व्हावे? हाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ सांगतो. ज्यांचे प्रेम आपल्याच लिंगाच्या व्यक्तीवर जडते, त्यांना समलिंगी म्हणतात. जन्माच्या वेळी सुईणीने किंवा डॉक्टरने जे लिंग सांगितले त्याहून ज्यांची स्वतःविषयीची आंतरिक ओळख निराळी असते, त्यांना पारलिंगी म्हणतात. या सर्वांना मिळून अलीकडे क्विअर हा शब्द रूढ झाला आहे. मुळात ती इंग्रजीतली एक शिवी. ज्यांना ती दिली गेली त्यांनीच ती उचलून स्वतःचे नाव केले. आणि एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो. स्त्रीपार्ट करणारा प्रत्येक पुरुष समलिंगी किंवा पारलिंगी असतो, असे मुळीच नाही. मराठी चित्रपटांत नाच्याच्या भूमिकेने प्रसिद्ध झालेले गणपत पाटील हे संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ होते. तरी पडद्यावरच्या त्या भूमिकेपायी खऱ्या आयुष्यात त्यांना हेटाळणी सोसावी लागली. भूमिका निराळी, माणूस निराळा. परंतु असेही पुष्कळ असतात की ज्यांना घरात, शाळेत, बाजारात जे बोलता येत नाही ते कलेच्या आडून बोलता येते. त्यांच्याविषयी मी बोलणार आहे.

कोणी म्हणेल, या गोष्टींशी आपल्या चळवळीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो ९० वर्षांहून अधिक जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक काढीत. संततिनियमन आणि लैंगिक ज्ञान हा त्यांचा विषय. लोक लाजेखातर जे वैद्यालाही विचारीत नसत ते प्रश्न त्यांना पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना मासिकातून उत्तरे देत. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. सनातनी मंडळी त्यांच्या विरुद्ध होती, आणि सुशिक्षितांतलेही बहुतेक अंग चोरून उभे होते. अशा वेळी त्यांचे वकीलपत्र कोणी घेतले? बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकरांनी!

त्या वेळी बाबासाहेबांना कामांची कमतरता नव्हती. पुणे करार होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. या खटल्यात पैसा नव्हता आणि लौकिक तर नव्हताच. तरीही ते उभे राहिले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की, लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने लेखन अश्लील होत नाही. लोक अज्ञानातून प्रश्न विचारतात. त्या अज्ञानावर उपाय एकच, तो म्हणजे ज्ञान. समलिंगी आकर्षणाविषयी त्या काळच्या शास्त्रीय ग्रंथांत जे लिहिले गेले होते त्याचाही आधार त्यांनी घेतला. खटल्यात हार झाली, कर्व्यांना दंड झाला. परंतु वकिलाची थोरवी केवळ निकालावरून मोजावयाची नसते. २०१७ साली हीच हकीकत अजित दळवी यांनी लिहिलेल्या व अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकातून रंगभूमीवर आली. न्यायालयात हरलेली बाजू ८३ वर्षांनी प्रेक्षकांपुढे पुन्हा उभी राहिली. कला हे काम करू शकते.

आता मी आपणास शेजारच्या कर्नाटकातल्या एका कलावंताची हकीकत सांगतो. त्यांचे नाव मंजम्मा जोगती. बळ्ळारी जिल्ह्यातला जन्म, आणि घरचे नाव मंजुनाथ. शाळकरी वयातच या मुलाला आपण मुलगी आहोत असे वाटू लागले. मुलींत बसावे, मुलींसारखे वागावे, ही ओढ. घरच्यांनी मारले, झोडले. काही उपयोग होईना, तेव्हा त्यांनी मुलाला हुलिगेम्मा देवीच्या देवळात नेले आणि जोगती म्हणून देवीला वाहिले. कमरेचा करगोटा तोडला, हातात बांगड्या भरल्या, अंगावर स्त्रीवेष चढविला. त्या वेळी आईने मुलगा मेल्यासारखा आक्रोश केला, असे मंजम्मांनी पुढे सांगितले आहे. जिवंत मूल समोर उभे आहे आणि आई त्याच्यासाठी मर्तिकाचे रडते आहे, हे चित्र आपण क्षणभर डोळ्यांपुढे आणा.

त्या मुलाने विष घेतले. जीव वाचला, पण घर सुटले. लुगडे नेसून भीक मागून पोट भरावयाचे, असे दिवस आले. वाटेत गुंडांनी लुटले, अत्याचार केला. पुन्हा मरणाचा विचार मनात आला. अशा अवस्थेत दावणगेरे येथील बसस्थानकावर एक बाप-लेक दिसले. बाप गात होता आणि मुलगा डोक्यावर कळशी तोलून नाचत होता. ते जोगती नृत्य होते. मंजम्मा तेथे थांबल्या, आणि त्या बापाकडून ते नृत्य शिकल्या. पुढे काळव्वा जोगती या थोर लोककलावंताच्या मंडळीत त्यांना स्थान मिळाले आणि काळव्वांच्या पश्चात ती मंडळी त्यांनीच चालविली.

ही कला आपणास अगदीच परकी नाही. आपल्याकडे जोगतिणी डोक्यावर ज्याला जग म्हणतात तो घेऊन, चौंडके आणि तुणतुण्याच्या साथीने यल्लमाची गाणी म्हणत दारोदार फिरत. मंजम्मांनी ही दारावरची कला रंगमंचावर आणली. भीक मागणारा हात बिदागी घेणारा झाला. दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भिकेत देणाऱ्याची दया असते, बिदागीत घेणाऱ्याचे कसब असते. २०१९ साली त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्या पारलिंगी व्यक्ती. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. राष्ट्रपती भवनात सन्मान घेण्यापूर्वी त्यांनी आपल्या लुगड्याच्या पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढल्यासारखे केले, ते साऱ्या देशाने पाहिले. ज्या लुगड्यापायी घर गमावले त्याच लुगड्याच्या पदराने त्यांनी देशाच्या प्रथम नागरिकाचे शुभ चिंतिले.

येथे आपल्यापैकी जाणती माणसे मला अडवतील, आणि त्यांनी अडवावेच. ते म्हणतील, वकीलसाहेब, जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्या सभेत बाबासाहेबांनी हे लाजिरवाणे जिणे सोडून द्या असे निक्षून सांगितले. आपल्या आया-आज्यांनी ते ऐकले, गळ्यातल्या माळा काढल्या. आणि आज आपण विहारात उभे राहून एका जोगतीची थोरवी गाता?

हा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. मी देवीला वाहण्याच्या प्रथेची बाजू घेत नाही. तिचा मी निषेध करतो. बाबासाहेबांचा विरोध कशाला होता? गरिबाचे लेकरू त्याला न विचारता देवाच्या नावाने सोडून द्यावयाचे, आणि मग त्याच्या देहावर गावाने हक्क सांगावयाचा, या सक्तीला आणि या नाडवणुकीला. मंजम्मांच्या बाबतीतही गुन्हा घडला तो येथेच. त्या घरापाशी आपल्या लेकराला काय म्हणावे यासाठी शब्द नव्हता. शाळेने तो दिला नाही, वैद्याने दिला नाही, कायद्याने त्या काळी दिला नाही. एक देवीचे देऊळ तेवढे उघडे होते, म्हणून लेकरू तेथे टाकले. जर घराचेच दार उघडे असते तर देवळाची पायरी चढावी लागली नसती. मंजम्मांना तारले ते करगोटा तोडण्याच्या विधीने नव्हे. त्या विधीने त्यांना भिकेला लावले. त्यांना तारले ते कष्टाने मिळविलेल्या कलेने.

या भेदाची खूण मराठी चित्रपटानेही दाखविली आहे. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेला ‘जोगवा’ हा राजीव पाटील यांचा चित्रपट २००९ साली प्रदर्शित झाला. त्यातला तायप्पा हा पुरुष. उपेंद्र लिमये यांनी ती भूमिका केली. इच्छा नसताना त्याला देवीच्या नावाने लुगडे नेसविले जाते. त्याला ते लुगडे तुरुंगासारखे आहे. मंजम्मांना तेच लुगडे स्वतःचे वाटते. वस्त्र एकच, परंतु एकाला ते बेडी झाले आणि दुसरीला ओळख. मग न्याय कसा करावयाचा? प्रश्न एकच विचारावयाचा : हे कोणी ठरविले? ज्याच्या अंगावर ते आहे त्याने, की इतरांनी? ज्या समाजाने आपले नाव, आपला धर्म, आपली वाट इतरांनी ठरविण्याचा अधिकार नाकारला, त्या समाजाला हा प्रश्न कळण्यास अवघड जाऊ नये.

आणखी एक भेद आहे, तो जातीचा. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व स्त्रीवेषात रंगभूमीवर येत तेव्हा सारा महाराष्ट्र लुब्ध होई. त्यांचे लुगडे नेसणे, त्यांचे दागिने घालणे घरंदाज स्त्रिया उचलीत. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच महाराष्ट्रात महार-मांगांच्या तमाशाच्या फडात जो नाच्या कंबर लचकवीत असे, त्याला काय मिळाले? हशा, शिट्ट्या आणि फड उठल्यावर टोमणे. उच्चभ्रूंच्या नाट्यगृहात जी कला, तीच गावकुसाबाहेरच्या बोर्डावर चेष्टा! म्हणून जेव्हा आपल्याच वस्तीतला मुलगा आपल्याच मुलाला ‘नाच्या’ म्हणून हिणवतो, तेव्हा त्याने कोणाची जीभ उसनी घेतली आहे, याचा विचार आपण करावा.

जेथे हे दोन्ही भार एकाच खांद्यावर येतात तेथे काय होते, ते लिव्हिंग स्माईल विद्या यांच्या आत्मचरित्रात दिसते. ते मूळ तामिळमध्ये २००७ साली प्रसिद्ध झाले. त्या तामिळनाडूतल्या गरीब दलित घरात मुलगा म्हणून जन्मल्या. भाषाशास्त्रात एम. ए. पर्यंत शिकल्या. शिक्षणाने माणसाची दैना फिटते असे आपण मुलांना सांगतो. पण स्त्री म्हणून जगू लागताच या उच्चविद्याविभूषित व्यक्तीला आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात येऊन भीक मागून दिवस काढावे लागले. पुढे त्या नाटकाकडे वळल्या आणि आपल्यासारख्या इतरांबरोबर त्यांनी ‘पन्मै’ नावाची नाट्यसंस्था उभारली. जातीचा आणि लिंगाचा तिरस्कार ही एकाच झाडाची फळे आहेत, हे त्यांनी वारंवार सांगितले आहे. त्यांच्या आत्मचरित्रावरच्या कन्नड चित्रपटात मुख्य भूमिका करणाऱ्या संचारी विजय यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडद्यावरील विद्येला देशाने गौरविले. जिवंत विद्येला मात्र साधी भाड्याची खोली मिळविण्यासाठी झगडावे लागले. टाळ्या आणि कडी, ही पुन्हा तीच गोष्ट.

मराठी नाटकाने या प्रश्नाचे दोन शेवट दाखविले आहेत. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात मित्राची भूमिका केली. एका तरुणीचे दुसऱ्या तरुणीवर प्रेम जडते; भोवताली तिला समजून घेणारे जवळपास कोणी नाही; शेवट तिच्या मृत्यूत होतो. पुढे चेतन दातार यांनी ‘एक माधवबाग’ लिहिले. त्यात एका आईला आपला मुलगा समलिंगी असल्याचे कळते. ती हादरते, रडते, स्वतःला दोष देते, आणि हळूहळू त्याला समजून घेते. या दोन शेवटांत अंतर कशाचे आहे? एकीकडे समजून घेणारे घर नाही आणि दुसरीकडे एक आई आहे, एवढेच. यातला कोणता शेवट आपल्या घरात व्हावा, हे लिहिणारा नाटककार बाहेरचा नाही. तो आपणच आहोत.

“पण लोक काय म्हणतील?” असे आपण विचाराल. या प्रश्नावर एका चित्रकाराने चित्रच काढले आहे. भूपेन खख्खर हे १९३४ साली मुंबईत जन्मले. शिक्षणाने सनदी लेखापाल. बडोद्यास एका कारखान्याचे हिशेब लिहीत आणि उरलेल्या वेळात चित्रे काढीत. आपण समलिंगी आहोत ही गोष्ट त्यांनी कित्येक वर्षे मनात ठेवली. १९८१ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांनी एक मोठे चित्र रंगविले. सज्जात एक पुरुष पाठमोरा, उघडा उभा आहे, आणि खाली रस्त्यावर बाप, मुलगा आणि गाढव यांची गोष्ट चाललेली आहे. ती गोष्ट आपणा सर्वांना पाठ आहे. बाप बसला तरी लोक हसतात, मुलगा बसला तरी हसतात, दोघे चालले तरी हसतात, दोघे बसले तरी हसतात. आणि लोकांच्या तोंडाला भिऊन शेवटी गाढव मात्र जिवानिशी जाते. सर्वांना खूश करता येत नाही, असेच त्या चित्राचे नाव आहे. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. लोकांच्या तोंडासाठी आपण काय गमावतो आहोत, हे सज्जातून खाली पाहणाऱ्या त्या माणसाला दिसले. आपण तर गाढव नव्हे, पोटचा गोळा गमावतो.

आता कायद्याचे थोडके सांगतो. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींना आपली ओळख आपण ठरविण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, १८६० च्या दंड संहितेतील कलम ३७७ हे दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांस लागू करणे घटनाबाह्य ठरविले. त्या खटल्याला ज्यांचे नाव मिळाले ते पहिले अर्जदार नवतेज सिंग जोहर हे भरतनाट्यमचे नर्तक आहेत. ज्यांनी आयुष्यभर रंगमंचावर नृत्य केले, त्यांनाच न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या; कारण रंगमंचावरच्या सन्मानाने घरातला माणूस गुन्हेगार ठरावयाचा थांबत नव्हता.

त्या निकालाचा एक आधारस्तंभ म्हणजे संविधानिक नैतिकता. हा शब्द ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बाबासाहेबांनी ठामपणे मांडला होता. ही नैतिकता माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे त्यांचे सांगणे होते. बहुसंख्यांना काय रुचते यावरून एखाद्याचा हक्क ठरवावयाचा नाही, हे तत्त्व न्यायाधीशांनी त्यातून घेतले. बाबासाहेबांनी पेरलेल्या शब्दाच्या सावलीत आज जे लोक उभे आहेत, त्यांना बाबासाहेबांच्याच लेकरांनी घराबाहेर काढावे काय?

मात्र कायद्याची मर्यादाही सांगतो. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिला. ते काम विधिमंडळाचे असे म्हटले. म्हणजे लढा अपुरा आहे. आणि न्यायालयाने सर्व काही दिले तरी ते तुरुंगाचे दार उघडू शकते. घराची आतली कडी काढण्याचा हुकूम कोणत्याही न्यायाधीशाला देता येत नाही.

आता मला एक कबुली द्यावयाची आहे. पंधरा वर्षांपूर्वी, वकिलीत मी नवा असताना, असेच एक आई-बाप माझ्याकडे आले होते. मी त्या मुलाला समोर बोलाविलेदेखील नाही. मी हसून म्हणालो, “लग्न करून टाका, सगळं ठीक होईल.” त्यांनी माझे ऐकले. दोन वर्षांनी ती सून माझ्या दारात आली, घटस्फोटाचा अर्ज करावयास. ती रडत नव्हती. तिने एवढेच विचारले, “साहेब, यात माझी चूक कोणती?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिची चूक नव्हती, त्या मुलाचीही नव्हती. ज्यांनी ठाऊक असून दोघांना एकत्र बांधले त्यांची होती, आणि त्यांत मी होतो. कायद्याची पदवी माझ्या भिंतीवर टांगलेली होती. पण ज्या अज्ञानाविरुद्ध बाबासाहेब १९३४ साली उभे राहिले, तेच अज्ञान मी काळ्या कोटात बसून वाटत होतो.

म्हणून आपणास माझे चार शब्द आहेत. पहिले, अशा मुलाचे वा मुलीचे बळजबरीने लग्न लावू नका. एक दुःख झाकण्यासाठी दुसऱ्या घरच्या लेकीचा बळी देऊ नका. दुसरे, ‘बरे करण्यासाठी’ त्याला देवऋष्याकडे नेऊ नका आणि डॉक्टरकडेही नेऊ नका. हा रोग नाही, आणि असे उपचार करणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली डॉक्टरांना बजाविले आहे. तिसरे, संबंध तोडल्याच्या जाहीर नोटिशा देऊ नका. आपण स्वकष्टाची मालमत्ता मृत्युपत्राने कोणास द्यावी हे आपल्या हाती आहे. परंतु १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि वर्तमानपत्रातल्या चार ओळींनी मूल वारस असण्याचे थांबत नाही. त्या ओळींनी एकच गोष्ट साधते : मुलाला कळते की आपले कोणी नाही. आणि चौथे, आपल्या गायन पार्टीत, नाटकात, मिरवणुकीत जो गातो-नाचतो, त्याला हसवण्यापुरता वापरू नका. ज्याच्या गळ्यातून आपण बाबासाहेबांची गाणी ऐकतो, त्याला दिवसा, साध्या कपड्यांत, आपल्या ओट्यावर बसवून चहा द्या.

त्या जोडप्याचे काय झाले ते सांगून संपवितो. मी नोटीस लिहिली नाही. मुलाला घेऊन या, असे सांगितले. ते रागावून गेले. मुलगा शहरात मित्राच्या खोलीवर राहू लागला होता. वर्षावासात एके दिवशी आई एकटीच आली. मी कागद पुढे ओढला, तर म्हणाली, “कागद नको साहेब. तो जेवत असेल का, एवढंच कळेल का कुठून?” मी मुलाचा पत्ता मिळवून दिला. ती स्वतः गेली आणि त्याला घेऊन आली.

बाप अद्याप त्याच्याशी बोलत नाही. तो मोठ्या मनाचा झाला असे मी खोटे सांगणार नाही. परंतु आईने मला मागच्या आठवड्यात सांगितले की, गायन पार्टीचा कार्यक्रम असला म्हणजे मुलाला यावयास मध्यरात्र उलटते, आणि हल्ली बाप निजताना दाराला आतून कडी लावीत नाही.

बंधूंनो, भगिनींनो, आपणही आज रात्री निजण्यापूर्वी आपल्या दाराकडे एकदा पाहा. जयभीम.